शिक्क्याच्या अलीकडे

७ जुलै २०२५, सोमवार. रत्नागिरी

काल आषाढी आणि मोहरम दोन्ही रविवारीच आले. सुट्ट्या बुडाल्याची कुरकुर करत सगळी वकील मंडळी आज हजर. पाऊस असा की आवारात छत्रीखाली उभं राहूनही फाइल भिजते. तरी माझ्या टेबलासमोर रांग होती, कारण जुलै-ऑगस्ट हा आम्हा नोटरींचा परदेशाचा हंगाम. तिकडची कॉलेजं सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात. आखातात जाणाऱ्यांना हंगाम नाही, ते बारा महिने जातात.

आज एक मुलगा आजीला घेऊन आला. वडील लंडनजवळ नोकरीला, आजीला काही महिने तिकडे न्यायचंय. आजीची जन्मतारीख १ जून, आजोबांची १ जून, सोबत आलेल्या आजीच्या भावाचीही १ जून. आमच्याकडे त्या पिढीत हे घरोघर सापडतं. शाळा जूनमध्ये उघडायची, आईला जन्माची तिथी आठवायची पण तारीख नाही. मग मास्तर वयात बसेल असं साल धरून १ जून लिहून टाकत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून आधारवर आणि पासपोर्टवर गेली.

अर्ज भरून देणाऱ्याने मुलाला सुचवलं होतं की एवढे १ जूनवाले पाहून व्हिसा अधिकाऱ्याला संशय येईल, तेव्हा आजीपुरतं प्रतिज्ञापत्र करून तारीख बदलून घ्या. सगळ्या कागदांवर एकच तारीख असताना ती बदलायची, म्हणजे नसलेला घोटाळा आपणच तयार करायचा. मी नाही म्हटलं. अर्जाला जोडायला चार ओळींचं पत्र लिहून दिलं: जन्माची सरकारी नोंद झालेली नाही, तारीख शाळेने घातलेली आहे, सर्व कागदांत तीच आहे.

"मग माझं खरं वय किती गं?" आजीने जाताना विचारलं. भाऊ म्हणाला, "ते मास्तरांना ठाऊक. चल आता."

९ जुलै, बुधवार

मिरकरवाड्यातला एक मुलगा, बाविशीचा असेल, मामाबरोबर आला. बोलणं सगळं मामाचं. मुलाला सौदीला जायचंय, दम्मामला. दहावीच्या गुणपत्रिकेची सत्यप्रत हवी होती. मी मूळ मागितली. मामाने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिली. कागदाची कड पावसाने ओली झालेली. माझ्या अंगठ्याला निळी शाई लागली. बोर्डाची गुणपत्रिका घरगुती प्रिंटरवर छापून येत नाही.

मी कागद परत केला आणि मुलाकडे पाहून विचारलं, "दहावी झाली का रे?" तो मामाकडे बघत राहिला. मामा म्हणाला, "गणित राहिलंय, मॅडम. पण एजंट बोलला, ईसीआर लागला तर काम लांबतं."

हे ईसीआर प्रकरण समजावून सांगायला अर्धा तास गेला. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरची नोंद येते. अशा माणसाने नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जायचं तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी लागते. यादीत सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरात, बहरीन आहेत, तसे मलेशिया आणि इराकही आहेत. मंजुरी देण्याआधी कार्यालय बघतं की मालक कोण, पगार किती, करार काय, विमा आहे का. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने ही व्यवस्था केली ती कमी शिकलेल्या माणसाला तिकडे कोणी नाडू नये म्हणून.

लोकांना मात्र ती नोंद नापासाचा डाग वाटते. आणि डाग पुसायला एजंट बनावट गुणपत्रिका देतो. फसवणूक सरकारची होते असं मुलाला वाटतं. खरं म्हणजे खोटा दहावी पास झाल्याक्षणी त्याच्या करारावर नजर टाकणारा एकमेव सरकारी माणूस मधून निघून जातो. एजंटाला नेमकं तेच हवं असतं.

वर पासपोर्टसाठी खोटी माहिती दिली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती या पोराला. एजंटाचं नाव अर्जात कुठेच नसतं.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

कालचं डोक्यातून जात नाही. मी सत्यप्रतीवर शिक्का मारते त्याचा अर्थ एवढाच की ही प्रत मला दाखवलेल्या मुळाबरहुकूम आहे. मूळ खरं आहे, असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. अपॉस्टिलचंही तेच. भारत २००५ साली हेग करारात आल्यापासून परराष्ट्र मंत्रालयाचं ते स्टिकर आपल्याकडे मिळू लागलं. त्याने सही आणि शिक्का कोणाचा याची खात्री मिळते, आत लिहिलेल्या मजकुराची नाही.

पक्षकार मात्र शिक्के मोजतात. एकावर एक चार शिक्के बसले की कागद पवित्र झाला, अशी समजूत. बनावट कागद करणाऱ्यांचा धंदा या समजुतीवर चालतो. खालचा पहिला कागद खोटा असला तर वरचे सगळे खरे शिक्के त्या खोट्याच्या चाकरीला लागतात.

१४ जुलै, सोमवार

मामा आज एकटाच आला, एजंटाचं कार्ड आणि मोबाइलवरचे संदेश घेऊन. मागणी १ लाख ६० हजारांची. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे पोचल्यावर कामाचा व्हिसा "करून मिळेल". शिवाय 'आझाद व्हिसा'चं आमिष: म्हणजे कागदावर मालक एक, पण काम कुठेही करायला मोकळा. असा आझाद व्हिसा कुठल्याच कायद्यात नाही. नावावरचा मालक सोडून दुसरीकडे काम करताना सापडला तर कामगारच गुन्हेगार ठरतो.

व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस सरकारच्या लेखी पर्यटक असतो. त्याचा करार कुठे नोंदलेला नसतो, मालकाला कोणी विचारत नाही. अर्ज खोटा असतो, पण सही करणाऱ्याला तो खोटा वाटतच नाही. तो म्हणतो, "सगळे असेच जातात."

मी मामाला कागदावर लिहून दिलं. एक, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे, त्यात हे नाव बघा. दोन, नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तीन, मालकाचं मागणीपत्र आणि कराराची प्रत जाण्याआधी हातात हवी. चार, प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आहे आणि संरक्षण १० लाखांचं. तो काढल्याचा कागद मागा. कुठे अडलं तर १८००-११-३०९० या सरकारी क्रमांकावर विचारा.

मामाने यादी घडी घालून खिशात टाकली. म्हणाला, "मॅडम, पंचवीस हजार दिलेत ओ त्याला." पावती? नव्हती.

१९ जुलै, शनिवार

मावसभावाची मुलगी जेवायला आली होती. पुण्याहून इंजिनिअरिंग केलं, आता जर्मनीला एमएसला निघालीय. तिची फाइल मी हौसेने चाळली आणि खरं सांगायचं तर हेवा वाटला. त्यात माझ्या शिक्क्याला फारसं कामच नाही.

जर्मन वकिलातीने १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. दिल्लीत बसलेली ही यंत्रणा पदव्या आणि गुणपत्रिका तपासते, आणि तिच्या पसंतीशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. वेळ आणि पैसा जातो म्हणून मुलं चिडतात. ही पण चिडली होती. पण तपासणी अर्जाच्या सुरुवातीलाच होते. खोटी पदवी असेल तर ती दारातच अडकते, दोन वर्षं तिकडे शिकून झाल्यावर नाही.

दुसरी युक्ती मला जास्त आवडली. विद्यार्थ्याकडे वर्षभराच्या खर्चाची ऐपत आहे, हे सगळेच देश बघतात. त्यावर आपल्याकडे 'पैसे दाखवणे' नावाचा जोडधंदा आहे. कोणीतरी व्याजाने रक्कम खात्यात टाकतो, बँकेचं पत्र मिळालं की काढून घेतो. बँकेचं पत्र खरं, शिल्लक खरी, ऐपत खोटी. ब्रिटनने त्यावर सलग २८ दिवस रक्कम खात्यात राहिली पाहिजे असा नियम केला. मग २८ दिवसांचं व्याज लावणारे निघाले. जर्मनीने उलटं केलं. ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधीच भरायचे, तिकडे गेल्यावर दरमहा ९९२ युरो मुलीच्या हातात पडतात. दाखवायला आणलेले पैसे परत नेता येत नाहीत, कारण ते मुळी तिच्या जेवणाखाण्यासाठीच बाहेर येतात. नियम असा आखला की खोटं बोलणं तोट्याचं होतं आणि पोलीस लागत नाही.

२४ जुलै, गुरुवार. दिव्याची अवस

दिवे घासून ठेवले आणि ऑफिसला गेले. निवृत्त बँक कर्मचारी असलेले एक गृहस्थ मुलासाठी हमीपत्र करायला आले होते. मुलगा कॅनडाला. मी सहज विचारलं, अर्जात वडिलांचं उत्पन्न किती लिहिलंय? त्यांना ठाऊक नव्हतं. मुलालाही नव्हतं. अर्ज सल्लागाराने भरला होता, खात्याचा ईमेल सल्लागाराचा, पासवर्ड सल्लागाराकडे. मुलाने स्वतःचा अर्ज अजून पाहिलेला नाही.

त्यांना २०२३ ची गोष्ट सांगितली. पंजाबातले बरेच विद्यार्थी कॅनडात शिकून, नोकऱ्या करून कायम राहण्याचा अर्ज करायला गेले, तेव्हा कळलं की ज्या प्रवेशपत्रावर पहिला व्हिसा मिळाला तेच बनावट होतं. एजंटाने इथे पत्र दिलं होतं आणि तिकडे पोचल्यावर सांगितलं होतं की त्या कॉलेजात जागा भरल्या, दुसरीकडे घ्या. हद्दपारीच्या नोटिसा मुलांच्या नावाने निघाल्या. त्यांनी टोरांटोजवळ धरणं धरलं, तेव्हा कॅनडा सरकारने एकेक प्रकरण वेगळं तपासायला पथक नेमलं: फसवलेला कोण आणि सामील कोण, हे बघायला.

उपाय साधा निघाला. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॅनडाचं इमिग्रेशन खातं थेट त्या कॉलेजाला दाखवून विचारतं, हे तुमचंच ना? पहिल्या दहाएक महिन्यांत सुमारे ५ लाख पत्रं तपासली गेली, त्यांतली १० हजारांवर संशयास्पद निघाली. इतकी वर्षं हा प्रश्न कॉलेजाला विचारलाच जात नव्हता. कागद बघून, अक्षर बघून, लेटरहेड बघून निर्णय होत होते.

इंग्रजीच्या परीक्षेचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या सेंट रेजिस नदीत बुडत्या बोटीतून गुजरातचे काही तरुण वाचवले. अमेरिकी न्यायाधीशांपुढे त्यांना इंग्रजी बोलता येईना. कॅनडात ते विद्यार्थी म्हणून गेले होते, इंग्रजी परीक्षेत चांगले गुण मिळवून. मग मेहसाणा पोलिसांनी परीक्षा केंद्राची चौकशी सुरू केली.

त्या गृहस्थांना मी शिक्षांची यादी वाचून दाखवली. चुकीची माहिती आढळली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. ब्रिटन दहा. ऑस्ट्रेलिया तीन, अर्जदार कोण याबद्दलच घोटाळा असेल तर दहा. अमेरिकेत ती बंदी कायमची, सूट मिळवावी लागते. या सगळ्या शिक्षा अर्जदाराला आहेत, कारण सही त्याची. सल्लागार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाचा अर्ज भरत असतो.

हमीपत्र केलं नाही. म्हटलं, पासवर्ड घ्या, मुलाला अर्ज पहिल्या रकान्यापासून वाचायला बसवा, मग या. त्यांना राग आला. "चाळीस वर्षं बँकेत काढली मी," म्हणाले. मी विचारलं, बँकेत न वाचता सही करायचात? हसले, पण राग गेला नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेली एक मुलगी आली. नवरा इंग्लंडला. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून तिच्याकडे व्हॉट्सॲपवरच्या गप्पांचे छापील कागद होते, जाडजूड. मी वाचू नये म्हणून तिने ते उलटे धरले होते. कागद तिच्याच हातात राहू दिले. प्रतिज्ञापत्राला त्यांची गरजही नव्हती.

तपासणीचं कौतुक गेले पंधरा दिवस लिहितेय, तर तिची दुसरी बाजूही लिहायला हवी. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली, लग्न करायला. त्या वेळच्या नियमांत लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे, पत्नीला थांबावं लागे. अधिकाऱ्याला शंका आली की हिचं लग्न आधीच झालंय. त्याने डॉक्टरकडून तिची कौमार्य तपासणी करवली. 'गार्डियन'ने १ फेब्रुवारीला बातमी दिली, गदारोळ झाला, सरकारला ती पद्धत बंद करावी लागली. नंतर उघड झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून भारतीय उपखंडातल्या ऐंशीहून अधिक बायकांना हे सोसावं लागलं होतं. फसवणूक रोखण्याच्या नावाखाली.

सहाच वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच देशात नेमकी उलट घटना घडली. घानाहून परतलेल्या एका मुलाला, हा या कुटुंबाचा नाहीच म्हणून ब्रिटनने अडवलं. लेस्टर विद्यापीठाचे ॲलेक जेफ्रीज यांनी आदल्याच वर्षी डीएनए ठशांची पद्धत शोधली होती. त्यांनी रक्ताचे नमुने तपासले आणि मुलगा त्याच आईचा असल्याचं सिद्ध केलं. सरकारने दावा सोडला. गुन्हे शोधण्याआधी डीएनएचं पहिलं काम एका खऱ्या अर्जदाराला खरं ठरवण्याचं होतं.

दोन्हीकडे शंका सारखीच. एका ठिकाणी अधिकाऱ्याचा अंदाज हीच तपासणी होती, दुसऱ्या ठिकाणी असा पुरावा होता जो अधिकाऱ्यालाही चूक ठरवू शकत होता. चांगल्या तपासणीची माझी कसोटी आता हीच: अर्जदार खरा असेल तर त्याला जिंकता येतं का?

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

मांडवीच्या किनाऱ्यावर नारळ सोडायला गर्दी होती. रात्री न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत त्याचं नाव यंदाही लागलं नाही. मी म्हटलं, तुझ्या वेळी निदान लॉटरी सरळ तरी झाली.

त्याला २०२३ चा हिशेब आठवत होता. मार्चच्या नोंदणीत ७,५८,९९४ पात्र नोंदण्या आल्या, जागा ८५ हजार. त्यांतल्या ४,०८,८९१ नोंदण्या अशा लोकांच्या होत्या ज्यांची नावं एकाहून अधिक कंपन्यांनी टाकली होती. नोंदणी फी अवघी १० डॉलर. साटंलोटं असलेल्या कंपन्या एकाच माणसाच्या अनेक चिठ्ठ्या टाकत, आणि सरळ मार्गाने एकच चिठ्ठी टाकणारा मागे पडे.

अमेरिकेने पुढच्या वर्षी सोडत कंपनीच्या नोंदणीऐवजी माणसावर नेली. पासपोर्ट क्रमांक एक, तर चिठ्ठी एक. कितीही कंपन्यांनी नाव टाकलं तरी. पात्र नोंदण्या लगेच ४,७०,३४२ वर आल्या. यंदा फी २१५ डॉलर केली, आणि आकडा ३,४३,९८१ झाला. भाचा म्हणाला, "मावशी, फी वाढली म्हणूनही कमी झालेत." खरंच आहे. पण पहिली घसरण फी १० डॉलरच असताना झाली होती. एका रकान्याने, पासपोर्ट क्रमांकाच्या, जे साधलं ते हजार छाप्यांनी साधलं नसतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

कोकणभर पावसाने थैमान घातलंय. तशातही मामा-भाचे आले. या वेळी बोलला मुलगा.

त्याने पोर्टलवर यादी पाहिली. एजंटाच्या कार्डावरचा नोंदणी क्रमांक यादीत होता! पण तो मुंबईच्या एका वेगळ्याच कंपनीचा. मुलाने डोकं चालवलं: कार्डावरच्या नंबरवर फोन न करता यादीत दिलेल्या नंबरवर केला. पलीकडून उत्तर आलं की रत्नागिरीत आमचा माणूस नाही, दम्मामची अशी मागणीही आमच्याकडे नाही, आमचा क्रमांक वापरणाऱ्यावर तुम्ही तक्रार करा, आम्हीही करतो.

कॅनडा सरकार कॉलेजाला विचारायला लागलं ते हेच. मिरकरवाड्याच्या पोराने एका फोनमध्ये केलं.

पोलिसांत द्यायचा तक्रार अर्ज लिहून दिला. पंचवीस हजारांची पावती नाही, पण पैसे मोबाइलवरून गेल्याची नोंद आहे. मामाने विचारलं, "नोंदणी असलेला एजंट तरी नीट असतो का?" याचं प्रामाणिक उत्तर असं की नेहमी नाही. २०१५ मध्ये केरळात कुवेतच्या नर्स भरतीचं प्रकरण उघड झालं. परवानगी होती १९,५०० रुपये घेण्याची, एजन्सीने एकेका नर्सकडून १९.५ लाखांपर्यंत घेतले. सीबीआयने त्या गुन्ह्यात कोचीच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सलाही आरोपी केलं. राखणदारच आरोपी. त्याच वर्षी सरकारने ईसीआर देशांतली नर्स भरती खासगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिली.

म्हणून यादीत नाव आहे का, एवढ्यावर थांबू नका म्हटलं. किती घेतो, पावती देतो का, करारावर मालकाची सही आहे का, हे पैशाच्या आधी बघायचं.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

पूजा, नैवेद्य, पाहुणे. दुपारी थोडी उसंत मिळाली तेव्हा आजपासून लागू झालेला इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५ वाचायला घेतला. बनावट पासपोर्ट, प्रवासाचा कागद किंवा व्हिसा जाणूनबुजून वापरणाऱ्याला वा पुरवणाऱ्याला किमान दोन आणि कमाल सात वर्षं कैद, दंड १ लाख ते १० लाख. देशात येताना, राहताना आणि बाहेर जातानाही.

मग शेल्फवरून १९८३ चा एमिग्रेशन ॲक्ट काढला. नोंदणी नसताना भरतीचा धंदा करणाऱ्याला, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्याला कलम २४ खाली कमाल दोन वर्षं कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. दोन हजार. आमच्या एजंटाने त्या पोराकडून पावतीविना घेतलेल्या रकमेचा बारावा हिस्साही नाही. त्याच्यावर फसवणुकीचं कलम वेगळं लावता येतं आणि लावायला हवंच. पण परदेशी पाठवण्याच्या धंद्यासाठी म्हणून जो खास कायदा आहे, त्यात धंदा करणाऱ्याची किंमत अजून १९८३ च्या रुपयांत आहे आणि कागद घेऊन विमानतळावर उभ्या राहिलेल्याची २०२५ च्या.

नव्या कायद्यात पुरवणारा आहे हे बरं. पण पुरवणाऱ्यापर्यंत पोचायला त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं. प्रत्येक अर्जात, कुठल्याही देशाच्या, 'हा अर्ज कोणी भरून दिला, त्याने किती पैसे घेतले' हा रकाना असावा आणि त्याखाली त्याचीही सही असावी. काही देशांच्या अर्जांत मदतनिसाचं नाव विचारतात. इथले सल्लागार अर्जदाराला तिथे 'मीच भरला' लिहायला लावतात. त्या एका खोट्याने पुढचं सगळं खोटं सुरक्षित होतं. माझ्याकडे प्रतिज्ञापत्राला येणाऱ्याला आजपासून हा प्रश्न मी विचारणार आणि उत्तर मजकुरात घालणार. चिडतील तर चिडू देत.

४ सप्टेंबर, गुरुवार

मुलगा करार घेऊन आला. नवा एजंट मुंबईचा, नोंदणीकृत, यादीतल्याच नंबरवरून शोधलेला. पासपोर्ट ईसीआरचा, आहे तसा. मामा अजून खट्टू आहे, दहावी नापास हे साऱ्या वाड्याला कळणार म्हणून.

करार इंग्रजीत. मी एकेक कलम मराठीत सांगत गेले आणि त्याला ते वहीत लिहायला लावलं. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचं तिकीट. जेवणाच्या कलमापाशी तो थांबला. एजंट तोंडी म्हणाला होता की जेवण कंपनीचं. करारात जेवणाचा शब्दच नव्हता.

मामा म्हणाला, "जाऊ दे, तिकडे गेल्यावर बघू." मुलाने त्याचं ऐकलं नाही. माझ्यासमोरच एजंटला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, जेवणाचं कुठल्या पानावर आहे? पलीकडचा जरा चाचरला. मग कंपनीकडून लेखी मागवतो म्हणाला, आठवडा लागेल.

सही आठवड्याने.